सोइलीच्या गाडीचा डावा दिवा

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सोइली केम्पाइनेनच्या गाडीचा डावा हेडलाइट गेला. काचेच्या आत घाम आल्यासारखं पाणी आधीपासूनच साठत होतं. त्या दिवशी गायनमंडळाची तालीम आटोपून ती परतत असताना तो दोनदा लुकलुकला आणि विझला.

सोइली आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. आमच्या म्हणजे तिन्ही गावांच्या. पूर्वी प्रत्येक चर्चला आपला वादक असायचा. वस्ती विरळ झाली तशी तिन्ही चर्च एका कारभारात आली आणि वाजवणारी एकटी सोइली उरली. रविवारची उपासना, बाप्तिस्मा, क्वचित एखादं लग्न, आणि दफनविधी. दफनविधी मात्र भरपूर. उत्तरेकडच्या आमच्या काइनूच्या जंगलात बाकी काही वेळेवर होत नसलं तरी माणसं मरायचं काम नेमानं करतात.

तिसरं चर्च हौकीवाराचं, सोइलीच्या घरापासून सत्तर किलोमीटरवर. त्या रस्त्यापायीच तिनं तीन वर्षांपूर्वी ही हायब्रिड गाडी घेतली होती. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, लिटरला बावीस जाईल. उन्हाळ्यात जायचीही. थंडी पडली की बॅटरी गारठून बसे आणि नुसती गाडी गरम ठेवायला पेट्रोलचं इंजिन घरघरत राही. बावीसचे चौदा होत, कडक गारठ्यात बारा. चर्चकडून मिळणारा भत्ता मग पेट्रोलच गिळून टाकी. हीटर बंद ठेवला तर इंजिन थांबे खरं, पण काच आतून गोठे. म्हणून सोइली लोकरीचा कोट घालून, मांडीवर घोंगडी घेऊन गाडी चालवायची आणि हीटर काचेपुरता लावायची. सत्तावन्नाव्या वर्षी हे सगळं अंगवळणी पडलं होतं. फक्त दमायला व्हायचं. ऑर्गनच्या बाकावर बसली की दिवसातून पहिल्यांदा टेकल्यासारखं तिला वाटे.

दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन ताउनोच्या गॅरेजमध्ये गेली.

"बल्ब बदलून दे," ती म्हणाली.

ताउनोनं बॉनेट उघडून टॉर्च मारला. "बल्ब असता तर बदलला असता. यात बल्बच नाही, बाई. सगळं एकजीव आहे. एक डोळा गेला की अर्धं तोंड बदलायचं."

"किती लागतील?"

त्यानं फोन लावला, आकडा ऐकला, खात्री करायला पुन्हा विचारला. "सतराशे युरो. माझी मजुरी धरली नाही त्यात." मग तो जरा घुटमळला. "माझी पहिली गाडी मी याच्याहून स्वस्तात घेतली होती. दोन्ही दिव्यांसकट."

"जुना नाही मिळत कुठं?"

"बघतो. पण जुना बसवला तरी त्याची गाडीच्या संगणकाशी ओळख करून द्यावी लागते. तोवर लागत नाही. मानी आहे."

सोइलीनं हिशेब केला आणि गाडी तशीच बाहेर काढली. उजवा दिवा होता की. पण या नव्या दिव्यांची आणखी एक खोड आहे. ते तापत नाहीत, त्यामुळे अंगावर बसलेला बर्फ वितळत नाही. दर दहा-पंधरा किलोमीटरला थांबायचं, उतरायचं, हातमोज्यानं दिवा पुसायचा, पुन्हा बसायचं. दोन आठवड्यांत ती मेटाकुटीला आली. एकदा पोलिसानंही थांबवलं आणि पुढच्या खेपेला दंड करीन असं बजावलं.

मग तिनं पाळक इल्काला विचारलं, "हौकीवाराचे दफनविधी अकराला घेतले तर? उजेडात आटपेल सगळं."

इल्का तेव्हा कोट न काढताच टेबलाशी बसून डोळे चोळत होता. त्यालाही तीच तीन गावं सांभाळायची होती. "घे अकराला," तो म्हणाला. कारण त्यानं विचारलं नाही.

अशा तऱ्हेनं त्या हिवाळ्यात हौकीवाराची माणसं सकाळी अकराला पुरली जाऊ लागली. गायनमंडळाची तालीमही रविवारी उपासनेला जोडून व्हायला लागली. लोक कुरकुरले. "या वयात अंधाराची भीती वाटायला लागली का गं?" मंडळातल्या बायका विचारायच्या. सोइली हसून वेळ मारून न्यायची.

जानेवारीत अर्मास तोलोनेन वारला. त्याची बायको हेल्वी, वय वर्षं त्र्याऐंशी, हिनं स्वतः सोइलीला फोन केला.

"दोन वाजता ठेवायचं. लेक पिर्यो पार तुर्कूहून येणार, तिच्याबरोबर नवरा, नवऱ्याच्या मावश्या. दुपारशिवाय पोचत नाहीत."

"हेल्वीमावशी, सध्या आपल्याकडे अकराची पद्धत आहे."

"कुणाची पद्धत? अर्मास उभ्या जन्मात अकराच्या आत कुठं पोचला नाही. आता कशाला घाई करेल?"

सोइलीनं इल्काकडे बोट दाखवलं, आणि इल्कानं हेल्वीला एका वाक्यात होकार देऊन टाकला.

त्या शनिवारी उणे अठ्ठावीस होतं. सोइली सकाळीच निघाली, उजेडात पोचली. दोनला चर्च भरलं. अर्मासनं आपल्यासाठी एक जुनं गीत सांगून ठेवलं होतं, सात कडव्यांचं. वादकाच्या माडीवरच्या खिडकीतून तिला बाहेरचा बर्फ दिसत होता. तो आधी गुलाबी झाला, मग निळा पडायला लागला. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. खाली म्हातारी माणसं सावकाश, सूर ओढत गात होती. चौथं संपलं तेव्हा सोइलीनं शेवटचा सूर धरला आणि हात उचलले. पाचव्या कडव्यासाठी लोकांनी घेतलेला श्वास तसाच परत गेला. इल्कानं एकदा वर पाहिलं आणि प्रार्थना सुरू केली.

नंतर सभागृहात जेवण होतं. सोइलीनं सॅमन माशाचं सूप उभ्याउभ्याच प्यायलं आणि हेल्वीचा निरोप घेतला.

"कॉफी तरी घे."

"रस्ता लांब आहे, मावशी."

हेल्वीनं तिचा हात धरून ठेवला.  मग सोडला.

बाहेर पडेपर्यंत अंधार झालाच होता. बारीक बर्फ पडत होता. सोइली दोनदा थांबली, दिवा पुसला. तिसऱ्यांदा थांबायची गरज पडली नाही. विसेक किलोमीटरवर, जंगल दाट होतं तिथं, उजवा दिवाही गेला.

समोरचा रस्ताच एकदम पुसला गेला. तिनं ब्रेक हळूच दाबला आणि आठवणीच्या भरवशावर गाडी बसथांब्याच्या जागेत नेली. दोन्ही बाजूंचे पिवळे इशारे लावले. मदतीच्या क्रमांकावरचा माणूस म्हणाला, आमची गाडी रात्रीपर्यंत येईल, उबेत बसून राहा. इंजिन मध्येच सुरू होई, काही वेळ चाले आणि आपोआप बंद पडे, जणू थांब्यावर थांबल्यावर तरी आपण काटकसरी आहोत हे त्याला दाखवायचं होतं. सोइलीनं घोंगडी गळ्यापर्यंत ओढली. तिला रडू आलं नाही. भूक मात्र लागली होती.

बऱ्याच वेळानं मागून एक गाडी आली आणि शेजारी थांबली. गाडी पिर्यो चालवत होती, पुढच्या सीटवर हेल्वी होती. तोलोनेनांचं शेत याच रस्त्यावर, पुढच्या वळणावर आहे. मावश्या नवऱ्याच्या गाडीतून पुढं गेल्या होत्या.

हेल्वीनं काच खाली केली. "कोण, सोइली? इथं काय करतेस?"

"दिवा गेला."

"तो तर केव्हाच गेलाय. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"आता दुसरापण गेला."

"मग बस की आत! उणे अठ्ठावीस आहे. का अर्मासच्या शेजारची जागा हवीय तुला?"

हेल्वीच्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. पिर्योनं सभागृहातून आणलेलं उरलंसुरलं मटण गरम करून सोइलीपुढं ठेवलं. मावश्या आतल्या खोलीत झोपायच्या तयारीला लागल्या होत्या. हेल्वी काळा पोशाख तसाच ठेवून टेबलाच्या टोकाला बसली आणि सोइलीचं खाणं होईपर्यंत थांबली.

"चार कडवी वाजवलीस."

"हो."

"सात होती."

सोइलीनं चमचा ठेवला. "अंधार पडायच्या आत निघायचं होतं, मावशी."

"आणि अकराची पद्धत? तीही त्या दिव्यापायीच?"

"हो."

"म्हणजे पावो गेला, एल्साची बहीण गेली, सगळ्यांना सकाळी उरकलं ते तुझ्या गाडीसाठी."

"आई, पुरे आता," सिंकपाशी उभी असलेली पिर्यो म्हणाली.

"पुरे काय? मी नुसतं विचारतेय." हेल्वीचा आवाज चढला नव्हता. तिनं चष्मा काढला आणि डोळे मिटले. तीन आठवडे ती नवऱ्याच्या खाटेपाशी बसून होती, ते आता तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मग? पोचलीस का उजेडात?"

"नाही."

"नाहीच ना." हेल्वीनं चष्मा टेबलावर ठेवला. "राहिलेली तीन म्हण."

"इथं?"

"नाहीतर कुठं? तो चर्चमध्ये बसला त्याच्या दसपट या चुलीपाशी बसला."

सोइलीनं घसा साफ केला. ऑर्गन नाही, पुस्तक नाही, गारठ्यानं आवाज बसलेला. पाचवं कडवं जमलं. सहाव्याच्या दुसऱ्या ओळीत ती अडखळली. हेल्वीनं डोळे न उघडता शब्द सांगितला आणि ती पुढं गेली. सातव्याला पिर्योही ओले हात पुसत गायला लागली, जरा खालच्या पट्टीत. हेल्वी गायली नाही. गीत संपल्यावर ती टेबलाला धरून उठली.

"बरं. अंथरूण माडीवर घातलंय. जोडीला रग घे, वर गार असतं."

रात्री येणारा ट्रक गाडी ओढून न्यायला सकाळी उगवला. सोइलीनं निरोप घेतला तेव्हा हेल्वी अजून उठली नव्हती.

सोमवारी ती इल्काकडे गेली आणि दिव्याची, अकराची, चार कडव्यांची, सगळी हकिगत तिनं त्याला सांगितली.

"मला वाटलंच होतं काहीतरी," तो म्हणाला. "पण मी विचारलं नाही. अकराला आटपलं की मला दुपारी तासभर आडवं होता यायचं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हसण्याइतकं त्राण दोघांतही नव्हतं.

पुढं असं झालं: चर्चच्या मंडळानं खूप चर्चा करून एका दिव्याचे पैसे मंजूर केले. दुसरा ताउनोनं ओउलूच्या भंगारवाल्याकडून मिळवला, आणि तो सोइलीनं आपल्या पैशानं बसवून घेतला. एकाचा उजेड पांढरा, दुसऱ्याचा किंचित पिवळा पडतो, पण दोन्ही लागतात. यापुढं हिवाळ्यात हौकीवाराचे दफनविधी बाराला होतील, पाळक आणि वादक यांना परतीचा लांब रस्ता असल्यामुळं, असं इल्कानं उपासनेनंतर उभं राहून सांगितलं. लोक पुटपुटले, मग कॉफी प्यायला गेले. ज्यांना बारा जमणार नाही त्यांनी आधी कळवावं, हेही ठरलं. हेल्वीनं त्या दिवशी सभागृहात सोइलीसाठी आपल्या शेजारची खुर्ची राखून ठेवली होती.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी सोइली कोट न काढताच चर्चच्या कार्यालयात बाकावर बसली होती. इल्का दारात आला.

"झोपलीस का?"

"नाही. टेकलेय."

"तीनला हौकीवाराला जायचंय."

"तीनला? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. बाप्तिस्मा आहे. जिवंत आहे, चार किलोचा, आणि फार ओरडतो म्हणे."

सोइलीनं डोळे चोळले. मग किल्ली शोधायला कोटाच्या खिशात हात घातला आणि उठली.