शैलाचा गुडघा

शैलाने कठड्यावरचा हात काढला आणि मुद्दाम जॅकेटच्या खिशात घातला. वरच्या लँडिंगवरून कुमार बघत होता.

"धर की कठडा. माझी हरकत नाही," तो म्हणाला.

"माझी आहे," शैला म्हणाली आणि पुढची पायरी चढली.

बहुमजली पार्किंगच्या त्या जिन्यात फेब्रुवारीचा गारठा आणि गाड्यांच्या धुराचा वास एकत्र कोंडला होता. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये या दिवसांत जिने चढायचे तर दुसरी जागा नाही. बाहेर बर्फ, मॉलमध्ये सरकते जिने, आणि सगळ्यांची घरं बोलूनचालून दोन मजली. शैलाच्या मागे एक पायरी सोडून तिचा नवरा अरुण चढत होता, तिची पर्स आपल्या खांद्याला अडकवून. त्यांची मैत्रीण सुनेत्रा चहाचा थर्मास घेऊन लिफ्टने आधीच वर गच्चीवर जाऊन थांबली होती.

एप्रिलमध्ये त्यांचा दहा जणांचा ग्रुप स्पेनला निघणार होता, आणि तोही बार्सिलोना वगैरे सोडून थेट सेगोव्हियाला. सगळे सत्तरीच्या आसपासचे, निवृत्त, आणि आपली तब्येत दुसऱ्यापेक्षा बरी आहे याची प्रत्येकाला खात्री. ग्रुपचा कर्ताधर्ता कुमार. त्याने गाड्यांच्या कंपनीत आयुष्यभर ब्रेक तपासले, आता माणसं तपासायचा. मागे इटलीत एका गाइडने छत्री उंच धरून यांना इतकं पळवलं होतं की काय पाहिलं ते कुणालाच धड आठवेना. तेव्हापासून कुमारने नियम केला: गाइड बाहेरचा नको. गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्या बेसमेंटमध्ये बैठका व्हायच्या. तिथे एकेकाने एकेक जागा वाटून घ्यायची, तिचा नीट अभ्यास करायचा, आणि त्या गावी पोचल्यावर बाकीच्यांना ती आपण दाखवायची.

शैलाने अल्काझारचा बुरूज घेतला होता. घेतला म्हणजे काय, चकल्यांच्या ताटलीवरून हात लांब करून त्याच्यावर झडपच घातली होती. अल्काझार हा सेगोव्हियाच्या अगदी टोकाला, खडकावर बसलेला किल्ला. इसाबेला राणी झाली त्या दिवशी ती याच किल्ल्यातून गावातल्या चौकाकडे निघाली होती. बुरुजात एके काळी कैदी ठेवत. वर जायला अरुंद, गोल गोल फिरणारा दगडी जिना, आणि वर पोचलं की खाली दोन नद्या, मागे कॅथीड्रल आणि लांबवर डोंगराची रांग. ती रांग आडव्या पडलेल्या बाईसारखी दिसते म्हणून तिथले लोक तिला 'मेलेली बाई' म्हणतात. हे सगळं शैला रोज जेवण झाल्यावर अरुणला म्हणून दाखवायची. अरुण संत्रं सोलत ऐकायचा, मधेच राजांचे सन दुरुस्त करायचा, आणि एवढे कष्ट करून वर जायचं ते मेलेली बाई बघायला का, असं विचारायचा.

पण ऑक्टोबरात शैलाचा उजवा गुडघा बदलला आणि कुमारच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. बुरूज सुनेत्राला द्यावा आणि शैलाने अ‍ॅक्वेडक्ट घ्यावा, असं त्याने सुचवलं. अ‍ॅक्वेडक्ट म्हणजे रोमन लोकांनी गावात पाणी आणायला बांधलेली ती प्रचंड कमानींची रांग. नुसते दगडावर दगड, मधे चुना नाही, आणि तरी दोन हजार वर्षं उभी. आश्चर्य खरं, पण समोरच्या चौकात खुर्ची टाकून, कॉफी पीत दाखवता येईल असं आश्चर्य. शैलाला नेमकं तेच झोंबलं. पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात उभं राहून तिने लोकांना भूल दिली होती, आणि आता तिची बसून करायच्या कामावर बदली होणार होती.

शिवाय प्रश्न एका बुरुजाचा नव्हता. ऑपरेशननंतर लोक तिच्याविषयी तिच्याच समोर बोलायला लागले होते. तिला चहा चालेल का, हे अरुणला विचारायचे. क्युपर्टिनोहून मुलगी, सलोनी, फोन करायची ती बाबांशी आधी बोलायची आणि मग आईला सांगायची की कॅन्सल कर ना, स्पेन कुठे पळून जातंय. शैलाला राग यायचा आणि तिला तो दाखवताही यायचा नाही, कारण रागावली की सगळे आणखीच समजूतदार व्हायचे. बुरुजावर चढून, वर उभं राहून, नऊ जणांना तो डोंगर दाखवायचा, एवढं एकच उत्तर तिच्याजवळ होतं. म्हणून तिने कुमारकडून परीक्षा मागून घेतली. खालपासून गच्चीपर्यंत दोनदा चढायचं, मधे कुठेही थांबायचं नाही. जमलं तर बुरूज तिचा.

तीन आठवडे तिने या जिन्यावर सराव केला होता, आणि तीन आठवडे अरुणने तिचा जीव खाल्ला होता. दोन मजले झाले की हा मागून म्हणणार, शैला, जरा थांब, गुडघ्याला दम घेऊ दे. तिला मुळीच दम लागलेला नसायचा. बरोबर कुमार असला, सुनेत्रा असली, तरी हा चारचौघांत तेच म्हणणार. एकदा तर त्याने कुमारला सांगितलं की ती बोलत नाही, पण तिला त्रास होतो. कुमारने मान हलवली होती. काल संध्याकाळी शैलाने भांडी लावता लावता अरुणला बजावून ठेवलं, की उद्या माझ्या गुडघ्याचं नाव काढलंस तर मी तुझ्याशी स्पेनमध्येही बोलणार नाही. अरुणने बरं म्हटलं आणि पुसलेलीच वाटी परत पुसत राहिला.

आज त्याने शब्द पाळला. पहिली चढण शैलाने अशी केली की गच्चीवर सुनेत्राने टाळ्या वाजवल्या आणि कुमारने नाइलाजाने अंगठा वर केला. तिघं लिफ्टने खाली आली आणि लगेच दुसऱ्यांदा चढायला लागली. कुमार पुढे, मधे शैला, मागे अरुण. गुडघा ठणकत होता, पण तो ठणका तिच्या ओळखीचा झाला होता. बुरुजाच्या दारातून आत शिरल्यावर लोकांना पहिलं वाक्य काय सांगायचं, ते ती मनात घोळवत चढत होती.

शेवटचा मजला राहिला तेव्हा मागची पावलं ऐकू येईनाशी झाली.

तिने आधी दुर्लक्ष केलं. थांबायचं नाही, असं ठरलं होतं. आणखी दोन पायऱ्या चढून मग तिने मान वळवून खाली पाहिलं. अरुण खालच्या लँडिंगवर उभा होता. जिन्याच्या काचेतून तो पार्क केलेल्या गाड्यांकडे बघत होता, जसा काही आपली गाडी शोधत असावा. त्यांची गाडी तर घरी होती. ते कुमारच्या गाडीतून आले होते.

"अरुण?"

"तू हो पुढे. आलोच," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. एवढं बोलायलाही त्याला मधे श्वास घ्यावा लागला.

त्याचा डावा हात जबड्यावर होता आणि तो जबडा चोळत होता. थंडीने तोंडातून वाफ निघत होती, आणि अरुणच्या वरच्या ओठावर घाम होता. शैलाने आयुष्यभर परक्या माणसांच्या तोंडावरचे रंग वाचले होते. हा रंग तिला वाचायला क्षणही लागला नाही: दुखणं हृदयाचं होतं. दर दोन मजल्यांनी दम कुणाला घ्यायचा होता, तेही तिला त्याच क्षणी कळलं. तीन आठवडे हा माणूस तिच्या गुडघ्याआड उभा राहून श्वास घेत होता. काल तिने तेवढीही जागा त्याची काढून घेतली होती.

तिला संताप आला, आणि संतापाने तिचं डोकं एकदम साफ झालं.

समोर सरळ सांगितलं तर काय होईल ते तिला पाठ होतं. अरुण हसणार, सकाळी पोहे जास्त झाले म्हणणार, कुमारसमोर छाती पुढे काढून उरलेला मजला चढून दाखवणार. दवाखान्याच्या नावाने त्याने आजवर दात काढायचंसुद्धा सहा महिने लांबवलं होतं. मात्र तिच्या दुखण्यासाठी तो कुठेही, कधीही, चप्पल घालून तयार असायचा.

वर गच्चीच्या दारातून उजेड येत होता. एवढ्या पायऱ्या ती गुडघा हातात घेऊनही चढली असती.

शैला पायरीवर बसली.

"कुमार," तिने हाक मारली, "मला नाही जमत. गुडघा गेला."

कुमार धावतच खाली आला. वरून सुनेत्रा आली. गुडघा गेला म्हणजे नेमकं काय झालं, असं दोघांनी एकदम विचारलं, आणि शैलाने थिएटरात वापरायची तो आवाज काढला. हे साधं दुखणं नाही, आत काहीतरी सरकलंय, आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत न्यायला पाहिजे, लिफ्ट बोलवा. तोवर अरुण दोन-तीन मिनिटं उभा राहिला होता आणि त्याचा श्वास जरा बसला होता. तो वर येऊ लागला तर तिने त्याला हातानेच थांबवलं.

"चढू नकोस. मीच येते तिथे. मला फक्त हात दे," ती म्हणाली, आणि लंगडत त्या लँडिंगवर उतरली.

गाडीत तिने अरुणला पुढे बसवलं, म्हणजे मागून त्याची मान आणि खांदे दिसत राहतील. कुमार गाडी चालवत होता आणि बोलत होता. मी आधीच सांगत होतो, या वयात हट्ट बरा नाही, शिवाय अ‍ॅक्वेडक्ट काय कमी आहे का. शैलाने ते सगळं ऐकून घेतलं. सुनेत्राने तिचा हात हातात धरला होता. बुरूज मी तुझ्याच टिपणांवरून दाखवीन, प्रत्येक वाक्याला तुझं नाव घेईन, असं ती रडवेली होऊन म्हणाली.

"घे. तुलाच दिला बुरूज," शैला म्हणाली. तिचं लक्ष अरुणच्या खांद्यांवर होतं. ते वर-खाली होत होते, अजूनही जरा लवकर लवकर.

हॉस्पिटल पाच मिनिटांवर होतं. इमर्जन्सीच्या दाराशी अरुणने तिला एका बाजूने धरलं, सुनेत्राने दुसऱ्या बाजूने, आणि शैला शेवटपर्यंत व्यवस्थित लंगडली. आतल्या निळ्या कपड्यातल्या मुलाने तिला लांबूनच पाहिलं, चाकाची खुर्ची घेऊन तो समोर आला आणि बसा म्हणाला.

शैलाने दोघांचे हात सोडवले. ती सरळ चालत खुर्चीच्या मागे गेली, तिचे दांडे त्या मुलाच्या हातातून घेतले आणि खुर्ची अरुणकडे वळवली. मुलाला तिने इंग्रजीत सांगितलं, वय चौऱ्याहत्तर, चढताना जबडा दुखतो, घाम येतो, किमान तीन आठवडे. कुमार तिच्या पायाकडे बघतच राहिला.

"अरुण, बस," ती म्हणाली.

अरुणने खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पन्नास वर्षांच्या संसारात हा माणूस मिठावरून, रस्त्यावरून, राजांच्या सनांवरून वाद घालत आला होता. त्याने खांद्यावरची तिची पर्स काढून सुनेत्राकडे दिली, टोपी काढली, आणि खुर्चीत बसला.

तेव्हा शैलाला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

"स्पेन झालं की सांगणार होतो," तो हळूच म्हणाला. "तू गेली नसतीस."

"बोलू नकोस," ती म्हणाली, आणि खुर्ची ढकलत आत निघाली.