धुराड्यावरची चांदणी

ज्या वर्षी धाकट्या जाऊबाईंच्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. एकाची तयारी करून बसलेल्या घरात दोघं आली, तेव्हा जाऊबाई दोन लुगडी पिशवीत कोंबून लेकीकडे गेल्या त्या चार महिने तिकडेच अडकल्या. इकडे पावाची भट्टी आणि पुढचं दुकान थोरल्या जावेच्या गळ्यात पडलं. सोबतीला जाऊबाईंचा मुलगा, म्हणजे थोरलीचा पुतण्या. तिशी उलटलेला, गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा, पण एकदा झोपला की कानाशी ढोल बडवला तरी कूस न बदलणारा.

थोरली साठीला टेकली होती. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती, पण भट्टीचा शिरस्ता त्यानेच घालून दिलेला. पहाटे तीनला उठायचं, सरपण पेटवायचं, कणीक तिंबून झाकून ठेवायची, ती फुगेपर्यंत भट्टी तापू द्यायची, आणि सहाला पहिला पाव बाहेर काढायचा. सहाला दवाखान्याची गाडी यायची, तिच्यामागे पहिल्या पाळीचे कामगार. पाव या हातातून त्या हातात नाचवत न्यावा लागला पाहिजे, इतका गरम. थंड पाव विकायचा तर दुकानाला कुलूप लावलेलं बरं, असं तो म्हणायचा.

तिला उठवायचं काम गजराच्या घड्याळाकडे होतं. नवऱ्याने गजराचा काटा तीनवर लावला होता, तो त्याच्यामागे कुणी हलवला नाही. थोरली रोज रात्री निजताना चालायची आणि गजराची अशा दोन्ही चाव्या भरायची, की पहाटे ते थयथयाट करायचं. घड्याळाशी तिची ओळख एवढीच. तिला आकडे वाचता येत नव्हते. ही गोष्ट नवऱ्याला ठाऊक होती आणि त्याच्याबरोबर ती गेली. दुकानात कुणी "काकू, किती वाजले?" विचारलं, की थोरली पिठाचे हात वर करायची. "तूच बघ रे बाबा, माझे हात भरलेत." चाळीस वर्षं तिचे हात भरलेलेच होते.

एका संध्याकाळी पुतण्याच्या कोपराचा धक्का लागला आणि दिवसा खाली आणून ठेवलेलं घड्याळ फळीवरून थेट कणकेच्या पेटीत पडलं. काच फुटली, आत कणीक गेली. समोरच्या फुटपाथवर घड्याळजींचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं एवढं. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं.

"वहिनी, भाजायला टाकलं असतंत तर एव्हाना फुगलं असतं."

"थट्टा पुरे. कधी देता?"

"एक चाक गेलंय. बाहेरून मागवावं लागेल. आठ दिवस धरा."

आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. चाक काही येईना.

पुतण्याने पहिल्याच रात्री आपलं मनगटी घड्याळ काढून दिलं होतं. ते घेऊन थोरली करणार काय? "मला आपोआप जाग येते," म्हणून तिने ते परत केलं. जाग तिला यायची हे खरं. वय झालं की झोप तुकड्यातुकड्यानेच येते. पण उठायची वेळ झाली की नाही, हे ओळखायचं कसं?

त्याची सोय खिडकीत होती. गेल्या दोन-तीन पहाटे गजराने जाग आल्यावर उशीवरूनच तिला खिडकीतून रंगाच्या कारखान्याच्या धुराड्याच्या बरोबर टोकावर एक मोठी पांढरी चांदणी लकलकताना दिसली होती. इतकी ठसठशीत, की धुराड्यानेच दिवा लावलाय असं वाटावं. थोरलीने तिला धरून ठेवलं. जाग आली की उशीवरून मान न उचलता बघायचं. चांदणी धुराड्याच्या डावीकडे असली तर डोळे मिटायचे, टोकावर आली की उठायचं. माणसं चुकतात, चाकं मोडतात. आभाळ कशाला चुकेल?

आणि आभाळ चुकलं नाहीच. रोज चांदणी टोकावर आली, रोज थोरली उठली. फक्त पाव बाहेर काढून झाल्यावर उजाडायची वाट जरा जास्त बघावी लागायला लागली. थंडीचे दिवस येत होते. थंडीत उजाडायला उशीर होतोच, असं म्हणून ती पाव गोणपाटाखाली झाकून बसायची. पुढे पुढे बसल्या बसल्या पेंगायची.

तिसऱ्या आठवड्यात एका कामगाराने पाव दाबून बघितला आणि म्हणाला, "काकू, कालचा आहे का?" थोरलीचं तोंड उतरलं. पाचव्या आठवड्यात दवाखान्याच्या गाडीवाल्याने पुतण्याला बाजूला घेतलं. "रोग्यांचे दात पडायला आलेत राव. तुमच्यात झालंय तरी काय?"

त्या रात्री पुतण्या हट्टाने जागा राहिला. स्वतःला चिमटे काढत अंथरुणात बसला. भट्टीचं लोखंडी दार कुरकुरलं तसा तो खाली धावला. थोरली कोपरापर्यंत कणकेत होती.

"काकू! हे काय चालवलंय?"

"काय म्हणजे? उठलास ते बरं झालं. पाण्याची बादली दे."

"अहो, पावणेएक वाजलाय! रात्रीचा पावणेएक!"

"तुझं घड्याळ बिघडलंय. तीन वाजून गेलेत. चांदणी धुराड्यावर आली, मी स्वतः बघितली."

पुतण्या ज्या नजरेने बघत राहिला, ती नजर थोरलीने ओळखली, कारण एकेकाळी तिने स्वतः सासूकडे तसंच पाहिलं होतं. सासूचंही रात्री चूल पेटवण्यापासूनच सुरू झालं होतं. मग ती मेलेल्या माणसांची ताटं वाढायला लागली, आणि एकदा पदर पेटून घर जळता जळता वाचलं. शेवटची दोन वर्षं तिच्या खोलीला बाहेरून कडी असे.

सकाळी पुतण्या खाली मान घालून म्हणाला, "काकू, मी आईला यायला सांगतो. ती येईपर्यंत भट्टीची किल्ली माझ्याकडे राहू द्या. रागावू नका. घरात विस्तव आहे."

थोरलीने कनवटीची किल्ली काढून दिली. रागावली नाही. कणीक तिंबल्याशिवाय आपले हात कसे दिसतात ते बघत दिवसभर बसून राहिली. आपलं डोकं गेलं असेल तर ते आपल्याला कळणार कसं, हा एकच विचार. सासूला तरी कुठे कळलं होतं?

दुपारी ती उठली आणि रस्ता ओलांडून घड्याळजींकडे गेली.

"चाक अजून आलं नाही, वहिनी. मलाच लाज वाटते."

"चाकासाठी नाही आले." ती तिथल्या एकुलत्या स्टुलावर बसली. चाळीस वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिने या परक्या माणसाला सांगून टाकलं. आकडे येत नाहीत. चांदणीवर उठत होते. चांदणीने दगा दिला, किंवा माझ्या डोक्याने.

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. "चांदणीचं पुन्हा सांगा. किती दिवस झाले?"

"घड्याळ पडलं त्या दिवसापासून."

त्यांनी पावत्यांचा गठ्ठा उपसून तारीख शोधली, बोटं मोडत मोजलं. "पस्तीस दिवस. पस्तीस चोक एकशे चाळीस मिनिटं. म्हणजे दोन तास वीस मिनिटं. तीनातून वजा केले की बारा चाळीस." त्यांनी वर बघितलं. "वहिनी, काल रात्री तुम्ही बारा चाळीसला उठलात काय?"

थोरलीच्या अंगावर काटा आला. "तो म्हणाला पावणेएक. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. वरची पाच मिनिटं तुमच्या गुडघ्यांना जिना उतरायला लागली असतील." घड्याळजी हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "अहो, डोकं कसलं जातंय! पस्तीस दिवस तुम्ही पाच मिनिटांचीही चूक केली नाहीत. प्रत्येक तारा रोज आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं आधी त्या जागी येतो. तुमचं घड्याळ उत्तम चाललंय. फक्त ते ताऱ्यांचं आहे आणि गिऱ्हाईक सूर्याच्या घड्याळावर येतं."

थोरलीला सगळं कळलं नाही. 'डोकं जात नाही' एवढं कळलं. तिने पदर तोंडाला लावला आणि त्या दोन हातांच्या दुकानात पोटभर रडून घेतलं. घड्याळजी तोवर एका चांगल्या चालणाऱ्या घड्याळाचं झाकण उगाच उघडत-मिटत राहिले.

संध्याकाळी घड्याळजींनी येऊन चांदणीचा हिशोब सांगितला, पण पुतण्या ऐकेना. "तुम्ही काकूंचं मन राखायला बोलताय."

"माझ्यावर विश्वास नको ठेवू. चार संध्याकाळी दे, आणि तुझंच घड्याळ घे."

दिवेलागण होऊन काळोख पडला की समोरच्या छपरावर एक निळसर पांढरा तारा उतरताना दिसे. "हा अभिजित," घड्याळजी म्हणाले. त्यांनी पुतण्याला पावाच्या काउंटरच्या कोपऱ्यावर हनुवटी टेकायला लावली. "रोज हनुवटी इथेच. डोळा एक इंच हलला तरी तारा हलेल. छपराच्या कडेआड गेला की वेळ बघायची."

गिऱ्हाइकं थबकून बघायला लागली. "काय हो, मालकाला विकायला मांडलंय का?"

पहिल्या संध्याकाळी तारा सात एकतीसला गेला. दुसऱ्या दिवशी सात सत्तावीसला. पुतण्याने घड्याळ कानाला लावून बघितलं. तिसऱ्या दिवशी ढग आले आणि तो स्वतःच चरफडला. चौथ्या दिवशी घड्याळजींच्या आधी तोच हनुवटी टेकून बसला होता.

"सात एकोणीस," तो हळूच म्हणाला. "ढगांच्या दिवशीचीही चार मिनिटं धरलीन त्याने."

"ढगांच्या मागे तो काही बसून राहत नाही."

"पण असं का?" हे थोरलीने विचारलं.

घड्याळजींनी तिला आत भट्टीपाशी नेलं. त्या भट्टीला चारी बाजूंनी जायला जागा होती. "ही भट्टी म्हणजे सूर्य. तुम्ही पृथ्वी. भट्टीकडे तोंड करा. तिच्या पलीकडे, दूर रस्त्याच्या टोकाला दिवा दिसतो ना, तो तारा. आता डावीकडे वळत स्वतःभोवती एक गिरकी घ्या, पण घेता घेता भट्टीच्या कडेने उजवीकडे एक पाऊल सरका."

"या वयात?"

"पृथ्वीचं वय विचारलं का कुणी?"

थोरलीने पदर खोचला आणि गिरकी घेतली. पिठाचा एक डबा आडवा झाला.

"तोंड दिव्याकडे आलं?"

"आलं."

"आणि भट्टीकडे?"

तिने बघितलं. भट्टी जराशी बाजूला राहिली होती. पाऊलभर सरकल्यामुळे भट्टीसमोर यायला तिला अजून थोडं वळावं लागलं.

"ते जे थोडं जास्त वळलात ना, ती तुमची चार मिनिटं. तारा आधी समोर येतो, सूर्य मागाहून. रोज चार चार करत वर्षभरात त्यांचा अख्खा दिवस होतो आणि हिशोब मिटतो. पुढच्या वर्षी त्याच तारखेला तुमची चांदणी पुन्हा तीनलाच धुराड्यावर दिसेल. तिला व्याध म्हणतात. व्याध म्हणजे शिकारी."

"अगंबाई! आणि मी तिला बाईमाणूस समजून तिच्याकडे बघत झोपत होते!"

पुतण्या खो खो हसला. मग त्याने खिशातून किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी काकूच्या पुढे धरली. "चुकलो, काकू."

"तू कुठे चुकलास? मी तुझ्या जागी असते तर कडीही लावली असती." किल्ली कनवटीला गेली. "पण आता कान देऊन ऐक. मला घड्याळ वाचता येत नाही. आज सांगून टाकलं. हसायचं तर हस."

तो हसला नाही. आपलं मनगटी घड्याळ त्याने तिच्या उशाशी ठेवलं आणि तीन वाजले की काटे कसे दिसतात ते दाखवलं. घड्याळजींनी दुसऱ्या दिवशी मोडक्या घड्याळाची एक मोठी तबकडी आणून दिली. पाव फुगेपर्यंतच्या वेळात थोरली तिच्यावर बोट ठेवून आकडे घोकायची, आणि दुपारी घड्याळजी परीक्षा घ्यायचे. त्यांच्या गच्चीवर एक छोटी दुर्बीण होती. तिच्यातून थोरलीने चंद्रावरचे खड्डे पाहिले, गुरूच्या शेजारी रांगेत बसलेले चार ठिपके पाहिले. "एवढ्याशा घरात चार चार लेकरं!" ती म्हणाली. "जाऊबाईंना सांगायला हवं, दोघांनीच दमल्या त्या." आकड्यांच्या मागे अक्षरंही आली, सावकाश.

घड्याळाचं चाक नंतर आलं. पैसे घ्यायला घड्याळजी तयार होईनात, उशीर माझाच म्हणाले. मग थोरलीने ठरवून टाकलं. त्या दिवसापासून भट्टीतून निघणारा पहिला पाव दवाखान्याच्या गाडीच्याही आधी रस्ता ओलांडून त्यांच्या दारी जायला लागला. ते तो या हातातून त्या हातात नाचवत आत न्यायचे.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला थोरली गजराच्या आधीच जागी होती. उशाशी घड्याळ, समोर खिडकी. तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, तीनला एक मिनिट कमी. व्याध धुराड्याच्या डाव्या कडेला होता. मग तो टोकावर आला, आणि गजर वाजला. थोरलीने तो बंद केला नाही. पुरता वाजू दिला. अंथरुणात बसूनच तिने हात जोडले. आभाळाला जोडले की रस्त्यापलीकडच्या त्या दुकानाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पहिला पाव जवळजवळ दहा वर्षं रस्ता ओलांडत राहिला. जुळी दहा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात, एका गुरुवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी घड्याळजी वारले. वेळ थोरलीने भिंतीवरच्या घड्याळात बघून सांगितली. ती त्यांच्या उशाशी बसलेली होती.