सुयुंचूची किटली

ताश-बुलाक गावाच्या इतिहासाचे दोन भाग पडतात: उल्पान विद्यापीठात गेली त्याआधीचा आणि त्यानंतरचा. असं उल्पानच्या एशेन आजोबांनी भरल्या घरात जाहीर केलं. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या संडासाला दार बसलं तेव्हाही आजोबांनी इतिहासाचे दोनच भाग पाडले होते, त्यामुळे पाहुण्यांनी आदराने माना डोलावल्या आणि पुन्हा मटणात लक्ष घातलं.

अडचण एवढीच होती, की उल्पान विद्यापीठात चाललेली नव्हती. आणि हे त्या घरात एकट्या उल्पानला ठाऊक होतं.

झालं होतं असं. गावात फोनला रेंज फक्त दुकानामागच्या भिंतीपाशी मिळते. काल सकाळी उल्पान त्या भिंतीला चिकटून उभी होती. औषधनिर्माणाच्या वर्गाला जागा पंचवीस, आणि यादीत तिचं नाव बाविसावं. पण यादी संध्याकाळी सहाला बंद व्हायची होती. तोवर जास्त गुणांचं कुणी आलं, की खालचे आणखी खाली सरकणार.

"नाव आहे का गं?" शेजारच्या कालिमान एजेने विचारलं. ती मीठ घ्यायला आली होती. वयाने मोठ्या बाईला आपल्याकडे एजे म्हणतात.

"आहे, एजे. बाविसावं. पण संध्याकाळपर्यंत..."

'पण' ऐकायला एजे तिथे नव्हती. चांगली बातमी ज्याने पहिल्यांदा आणली, त्याने दारातून "सुयुंचू" म्हणून ओरडायचं आणि घरच्यांनी हाताला लागेल ती वस्तू त्याला द्यायची, ही आपली जुनी रीत. कालिमान एजेने ती जोडधंद्यासारखी चालवली होती. तीस वर्षांत तिने बाळंतपणांवर चार रुमाल, एका लग्नावर कोंबडी आणि कुणाच्या तरी मुलाच्या तुरुंगातून सुटकेवर एक शिडी मिळवली होती. गुडघेदुखीची बाई, पण त्या दिवशी अशी पळाली, की रस्त्यातली कुत्री भुंकायची विसरली.

उल्पान घरी पोचेपर्यंत सुयुंचू देऊन झालेली होती. आईचे हात पिठात बरबटलेले, समोर टेबलावर नवी विजेची किटली. आईने तीच उचलून एजेच्या हातात ठेवली.

ती किटली उल्पानने वसतिगृहासाठी घेतली होती. पांढरी, पाणी उकळलं की निळा दिवा लावणारी. बाकीचं सामान वायरींसकट केव्हाच बॅगेत गेलं होतं. किटली तेवढी रोज बघता यावी म्हणून बाहेर ठेवलेली. वसतिगृहाचं सगळं चित्र त्या किटलीभोवती मांडलेलं होतं. खिडकीजवळची खाट. चार मुलींची खोली. शेजारच्या खोलीतली कुणीतरी दार वाजवून म्हणणार, "तुमच्याकडे गरम पाणी आहे का?" आणि उल्पान राणीच्या थाटात म्हणणार, "या ना." शहरातल्या ट्रॉलीबसचे नंबर तिने पाठ केले होते. आणि सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे तिथे रस्त्यात भेटणारा कुणीच विचारणार नव्हता, तू एशेनची नात ना गं?

संध्याकाळी सहाला ती पुन्हा भिंतीपाशी गेली. नाव अठ्ठाविसावं होतं.

परत येते तो बाबा वरच्या कुरणातून मेंढा घेऊन उतरलेले, आणि मेंढा कापूनही झालेला. विद्यापीठाने मेंढा पुन्हा उभा करायची काही सोय ठेवलेली नव्हती. उद्या सकाळी सांगू, असं तिने ठरवलं. सकाळी आई कणकेचे फुगीर बोरसोक तळत गात होती. आई गेल्या दोन वर्षांत गायली नव्हती. मग दुपार झाली आणि पाहुणे आले.

घरातली धाकटी म्हणून चहा ओतायचं काम उल्पानकडे.

"डॉक्टरीणबाई, माझ्या खांद्याचं काय ते बघा," एक म्हातारा म्हणाला.

"ती औषधं बनवणार आहे, कापाकापी नाही," आई म्हणाली.

"मग चहातच टाक काहीतरी."

सगळे हसले. उल्पानची मान वर होईना. कान इतके तापले होते, की त्यांच्यावर समोवार उकळला असता. ती ओतत राहिली, आणि मामीने वाटी हातात घेऊन आत पाहिलं.

"काय गं, काठोकाठ? आम्हाला हाकलतेस की काय?"

आपल्याकडे पाहुण्याला चहा अर्धी वाटी देतात, म्हणजे तो पुन्हा मागतो. काठोकाठ भरलेल्या वाटीचा अर्थ तान्ह्या पोरालाही कळतो: प्या आणि निघा. उल्पानने बघितलं तर तिने ओळीने नऊ जणांना काठोकाठ दिली होती.

"शहराचे रिवाज आत्तापासूनच," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

शेवटी आजोबांनी बातासाठी, म्हणजे आशीर्वादासाठी, तळहात पुढे धरले. सगळ्यांचे हात वर झाले. आजोबांनी सुरुवात केली, "उल्पानची वाट मोकळी होवो, विद्यापीठात तिची..."

उल्पानचे हात मांडीवरच राहिले.

"हात वर कर गं," आई कुजबुजली.

"मला नाही घेता येणार बाता," उल्पान म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "माझं नाव खाली गेलं. अठ्ठाविसावं झालं. कालच कळलं मला. मी बोलले नाही."

बाता अर्धवट राहिला की हातांचं काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. तेवीस माणसं तळहात वर धरून बसून राहिली. आईने फक्त तळलेल्या बोरसोकांच्या ढिगाकडे पाहिलं. त्यापेक्षा ती एकदा ओरडली असती तर बरं, असं उल्पानला वाटलं.

"जागा किती म्हणालीस?" आजोबांनी विचारलं.

"पंचवीस."

आजोबांनी हिशोब केला. "हात वर झालेच आहेत, रिकामे कशाला उतरवायचे. हे खुदा, पुढच्या वर्षी पोरीला तिघांच्या पुढे टाक. तिघांच्याच. जास्त मागत नाही. ओमिन."

"ओमिन," सगळे म्हणाले आणि तोंडावरून हात फिरवले. मामीने उल्पानची पाठ थोपटली. म्हाताऱ्याने घरी न्यायची मटणाची पिशवी सभ्यपणे खाली ठेवली, थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलली. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. उल्पानला बसल्या जागी जमिनीत जावंसं वाटलं. शिव्या मिळाल्या असत्या तर निदान कुणावर तरी रागावता आलं असतं.

फाटकापाशी कालिमान एजे एकटी थांबली होती.

"चूक माझी गं," ती म्हणाली. "तू 'पण' म्हणत होतीस, ते मी ऐकलं होतं. थांबले असते, तर दुसरं कुणीतरी पुढे पळालं असतं."

"असू दे, एजे."

"किटली परत आणणार होते, पण सुयुंचू परत केली तर तुझं पुढच्या वर्षीचंही बिघडेल."

"नको आणू. ठेव तुला."

एजेने डोळे पुसले, नाक पुसलं. मग आवाज खाली आणला.

"मग एक काम कर ना, बाळा. किटलीची ती खालची वायरवाली बैठक तुझ्या बॅगेतच राहिली असणार. तेवढी दे. कालपासून नुसतीच पुसून ठेवलीय."