तळानं आलेलं लाल पाणी

"तानुबाईले कोणी नाही. तिले एकटी टाकू नोको," मरताना सासू शेजारच्या म्हातारीबद्दल म्हणाली होती. कौशल्यानं महादेवाच्या पिंडीवर हात ठेवून हो म्हटलं होतं.

सोमवारी सकाळी महादेवाच्या अभिषेकाचा तांब्या घेऊन ती कालव्यावर आली, तेव्हा तेच शब्द तिला आठवले. पातूरकडच्या धरणाचं पाणी आभाळासारखं नितळ होतं, पण भिंतीखालून कालव्यात रक्तासारखं लाल पाणी सुटलं होतं. गाव लोटलं होतं. डोंगरातल्या मठातला देवमन महाराज कालच संध्याकाळी बोलून गेला होता, "उद्या देवी रक्त ओकन." आता तो तानुबाईकडं बोट दाखवत होता.

"हिची करणी हाय. हिले बुडवा, देवी थंड होईन."

गावातल्या धर्मपालनं म्हातारीला केस धरून ओढलं. एक दगड तिच्या कपाळावर बसला, दुसरा तोंडावर. रक्ताबरोबर दात लुगड्यात पडला. कौशल्या तिच्या अंगावर पालथी पडली. धर्मपालची काठी कौशल्याच्या पाठीत बसली आणि अभिषेकाचा तांब्या तिच्या अंगाखाली चेपला.

"हट ना वहिनी, नाहीतर तुलेबी बुडवतीन," धर्मपाल ओरडला.

"बुडवा. आज उपास हाय माहा, उपाशीच जाईन."

तेवढ्यात शाळेच्या रागिणीबाई काचेची बरणी घेऊन गर्दीत घुसल्या.

"महाराज, देवी रक्त ओकते, मग वरचं पाणी नितळ काहून?"

"देवी वरून शांत, आतून तापली हाय."

"माझ्या बरणीत तापते का, पाहू."

त्यांनी नितळ पाण्याची बरणी तिरपी धरली आणि दुसऱ्या हातातल्या पेल्यातलं लाल मुरूम कालवलेलं पाणी कडेनं हळूच सोडलं. लाल धार बुडी मारून तळाला गेली, तळातळानं सरपटत समोरच्या काचेला धडकली. वरचं पाणी तसंच नितळ.

"मातीनं जड झालेलं पाणी असंच धरणाच्या तळानं वाहत भिंतीपर्यंत येतं. कालव्याचं दार तळाशीच आहे. वरून कसं दिसेल?"

"पण महाराजाले कालच कसं समजलं?" धर्मपालनं विचारलं.

कौशल्या पडल्या जागेवरून हळू आवाजात म्हणाली, "त्याच्या धोतराचा काठ पाह्य ना. काल डोंगरात पाऊस झाला, नव्या रस्त्याचा लाल मुरूम नदीत खचला. याचा मठ तिथंच हाय, यानं ते डोळ्यानं पाह्यलं."

धोतर गुडघ्यापर्यंत लाल होतं. महाराज मागच्या मागं सरकू लागला. लोकांनी वाट दिली नाही. धर्मपालच्या हातून काठी गळाली. तानुबाईकडं मात्र कोणी पाहीना.

देवाला खुशाल हात जोडावेत. पण कुणावर दगड उचलण्याआधी बरणीभर पाणी घेऊन पाहावं, एवढीच विनंती.

कौशल्यानं पदर फाडून म्हातारीच्या कपाळाला बांधला.

"कुठं नेतं मले?"

"आधी दवाखान्यात, मंग पोलीस ठाण्यात. मंग आपल्या घरी."

चेपलेला तांब्या तिनं काखेत मारला, तानुबाईचा हात खांद्यावर घेतला, आणि दोघी पातूरच्या वाटेला लागल्या.