निळ्या गाडीचा हादरा

लातुरात दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली दोन डब्यांची निळी शहरगाडी वळण ओलांडून सरळ रुळावर आली, तिनं वेग धरला आणि डबा असा डावीउजवीकडं हादरू लागला, की उभी माणसं एकमेकांवर आपटली.

"देवी खवळली!" कुणीतरी ओरडलं. निम्म्या डब्यानं हात जोडले. अन् ऐन मधल्या आसनावर नरसिंगबाबा तळहातावर पाण्याचा भरलेला पेला तोलून, डोळे मिटून बसलेले. एक थेंब सांडला नाही!

"रूळ देवीच्या डोईवर टाकलाय," बाबा घनगंभीर आवाजात म्हणाले. "ती मान हलवते. आमचा दोरा बांधील त्याला सांभाळते. पण गर्भारणीनं या गाडीत पाऊलच टाकू नये!"

तुळजाबाई त्याच डब्यात होत्या. चाकूरची शेती दिराकडं सोपवून त्या लेकाकडं राहायला आल्या होत्या. सून साक्षी याच गाडीनं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला जायची, आणि तिला सातवा महिना लागला होता. मागल्या खेपेचं लेकरू पोटातच गेलेलं. तुळजाबाईंनी दोरा बांधून घ्यायला तिथंच मनगट पुढं केलं.

"उद्यापासून कॉलेज बंद. राजीनामा दे," घरी येताच बाबांचं बोलणं सांगून त्यांनी फर्मावलं.

साक्षीला हसू आलं होतं. पण सासूच्या मनगटावरचा दोरा दिसला आणि ती जवळ बसली. "आत्या, दुसरी ती पिवळी गाडीही त्याच रुळावरून जाते. ती कुठं हादरते? देवीला निळा रंग आवडत नाही का?"

तुळजाबाई मनगटावरचा दोरा चाचपत राहिल्या.

"सुट्टीच्या दिवशी दोघी निळ्या गाडीनं जाऊन बघू. तुमची खात्री नाही पटली तर देते राजीनामा."

"हाव. मग शब्द फिरवायचा न्हाई."

रविवारी बाबा आपल्या जागी होतेच. साक्षीनं हात जोडून विचारलं, "बाबा, आज टोकाच्या आसनावर बसता का?"

"आमचं आसन सिद्ध आहे, माते. ते हलवता येत नाही."

"आसन नका हलवू. तुम्हीच हला की!"

डबा खुसखुसला. बाबांनी डोळे घट्ट मिटले. "अश्रद्धेपुढं शक्ती प्रकटत नाही."

"मग पेला मला द्या," तुळजाबाई म्हणाल्या. "दोरा माझ्याबी हातात हाय."

त्या टोकाला बसल्या. गाडीनं वेग घेतला, अन् निम्मं पाणी लुगड्यावर, उरलेलं शेजाऱ्याच्या बुटांवर.

"श्रद्धा कमी पडली," बाबा पुटपुटले.

तुळजाबाईंना काहीही बोललं असतं तरी चाललं असतं, एवढं सोडून. "नवरात्रात नऊ दिवस अनवाणी फिरते मी, अन् माझी श्रद्धा कमी?" त्यांनी दोरा सोडून बाबांच्या मांडीवर ठेवला. "परतीला तुम्ही उठा जरा."

परतताना त्या मधोमध बसल्या, बिनदोऱ्याच्या. बाटलीतून पेला पुन्हा भरला. पाणी थरथरलं, पण सांडलं नाही.

"आगं बया! मी बी बाबा झाले की!"

साक्षी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "उसाचं टिपरू मधोमध धरून हलवा. टोकं झुलतात, मध्य जागीच राहतो. डब्याचं तसंच. आणि रेल्वेच्या चाकाला थोडा उतार असतो, म्हणून ते रुळांच्या मधोमध राहतं. निळ्या गाडीची चाकं झिजून तो उतार बिघडला असणार. वेग वाढला, की चाकं या रुळाकडून त्या रुळाकडं भरकटतात. वळणावर गाडी हळू असते, म्हणून हादरा पुढं सरळ रुळावर बसतो."

बाबा पुढच्याच थांब्यावर उतरले.

प्रवाशांनी मिळून तक्रार केली. तपासणीत चाकं झिजलेलीच निघाली. लेथवर कातून त्यांना पुन्हा नीट आकार दिल्यावर निळी गाडीही पिवळीसारखी गुमान धावू लागली. साक्षी रजा लागेपर्यंत तिच्यातूनच कॉलेजला गेली.

बाबांनी मात्र गावभर सांगितलं, की त्यांनीच देवीला शांत केलं. गल्लीतल्या बायका बाबांकडं देवीची ओटी भरायला निघाल्या, तेव्हा तुळजाबाई गल्लीच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहिल्या.

"ओटी भरायची तर देवळात जाऊन भरा. पण हादरा बसला तर चाक बघा, दुखलं तर डॉक्टर गाठा, न्हाई कळलं तर जाणत्याला इचारा. जो पोटुशी बाईला भ्या घालतो, तो देवीचा माणूस कसा असंल?"