भगवानचं नाक

"आला का वास?" सलिलसाहेबांनी मास्कमधून विचारलं.

साहेबांच्या चष्म्यात यंत्राचा हिरवा दिवा दिसत होता. ते बघून भगवान म्हणाला, "नाही साहेब."

मानपाड्याच्या त्या कारखान्यात काचेवर धातूंच्या ऑक्साइडचे केसाहून पातळ थर चढवून गॅस ओळखणारी यंत्रं बनत. विषारी वायू लागला की दिवा लाल. पण नुसत्या यंत्रावर विसंबायला मालक सलिलसाहेब खुळे नव्हते. पेटीत कधी वायू, कधी नुसती हवा सोडून शेजारी भगवानला हुंगायला बसवत. यंत्र आणि नाक एकमत झाले की शिक्का. भगवानला मास्क नव्हता, कारण मास्क लावून हुंगणार कसं? तीन वर्षांपूर्वी ते नाक गेलं. त्याने ही बातमी बायकोला, रमाबाईलाही दिली नाही. तेव्हापासून तो दिव्याकडे बघून हुंगायचा. निवृत्तीला आठच महिने उरले होते.

तपासनीस मृणालमॅडम ओढणी नाकाला लावून धावत आल्या. "शी! नळी निघालीय, जिन्यापर्यंत सडक्या अंड्यांचा वास! आणि काका, तुम्हाला नाही आला?"

"वास येत नाही, तीन वर्षं झाली मॅडम," भगवान बुटांकडे बघत म्हणाला.

"थर कच्चा राहिला," सलिलसाहेब म्हणाले. "यंत्र परत भट्टीत भाजू."

"आणि काकांना?"

"त्यांना कसं भाजणार?"

"साहेब, तीन वर्षांत चार हजार यंत्रं गेलीत. गटारात उतरणारी माणसं लावतात ती."

"परत मागवली तर कारखान्याला टाळं. कागदावर काकांचं नाक ठणठणीत आहे. आठ महिने तसंच राहू दे. काय काका?"

"हो साहेब."

संध्याकाळी घरी जाताना कल्याणला रिक्षास्टँडमागे गटाराचं झाकण उघडं होतं. कमरेला दोर बांधलेला एक माणूस उतरायच्या बेतात होता. छातीवर कारखान्याचं यंत्र. हिरवं.

"उतरू नकोस रे."

"का? वास येतोय काय काका?"

भगवानने वाकून छातीभर श्वास घेतला.

"माहीत नाही. ते यंत्र खोटं आहे. मीच पास केलंय."

"तुम्ही? मग लाल करून दाखवा ना!" माणूस फिदीफिदी हसला. "हिरवा आहे ना, बास. मुकादम चहा पिऊन येईपर्यंत काम नाय झालं तर माझी वाट लावेल."

तो उतरला. दोराचं दुसरं टोक रस्त्यावर तसंच पडलं होतं. भगवानने पँट वर ओढली, चिखलात मांडी घातली आणि ते टोक मनगटाला तीनदा गुंडाळून घेतलं.