दुपारी तीनचा सूर्य

मित्रांनो, आंधळगावच्या एका गच्चीवर उभी असलेली मी जुनी दुर्बीण आहे. एक नळी आणि तळाशी खोलगट आरसा, एवढीच मी. हा आरसा विज्ञानाच्या शिक्षिका रीताबाईंनी सात महिने हाताने घासून तयार केला. पसरलेला प्रकाश एका बिंदूत गोळा करणे एवढेच मला येते. तो कुणाचा, हे मला कळत नाही.

मी पुष्कळ तारकागुच्छ टिपले. लाखो ताऱ्यांचे ते गोळे छायाचित्रात तांदळाच्या कणीच्या ढिगासारखे दिसतात. नागपूरच्या प्रदर्शनात माझे कौतुक झाले. पुढे माझे झाकण हरवले, नवे कुणी आणले नाही. रीताबाईंची आई सत्यभामाबाई यांच्या भाताच्या गंजाचे, म्हणजे पातेल्याचे, झाकणच माझ्या तोंडावर बसू लागले.

यंदा मे महिन्याच्या मध्याला अरुंधतीकेश या तारकासमूहातला एक गुच्छ टिपून रीताबाईंनी रात्री एकला काम थांबवले. कॅमेरा काढून डोळा लावायचे भिंग बसवले, ताऱ्यांमागे मला फिरवणारी मोटर बंद केली आणि पुन्हा जुळवणी नको म्हणून मला झाकण घालून तशीच रोखून ठेवली. त्या दिवसांत सूर्यही दिवसा त्याच गुच्छाच्या वाटेने आकाश ओलांडतो. दुपारी तीनच्या सुमारास तो नेमका माझ्यासमोर येणार होता.

सकाळी सत्यभामाबाई वर आल्या. "रातभर तारे गिळले ना? आता मायं झाकण दे!"

दुपारी ऊन माझ्या नळीच्या आतून खाली सरकू लागले. तेवढ्यात रीताबाईंची सहा वर्षांची भाची गुड्डी स्टूल घेऊन आली.

"आत्या रोज उद्या दाखवतो म्हणते. आता मीच पाह्यतो."

ती स्टुलावर चढली. ऊन आरशाच्या कडेला टेकले. मला मान वळवता येत नव्हती.

खालून रीताबाईंचा आवाज आला. "माय, गंजावर हे झाकण कुठलं?"

"तुया भोंग्यावरचं. भात काय उघडा ठेवू?"

"अन् गुड्डी कुठं आहे?"

मग जिन्यावर अनवाणी पावले धावली. "गुड्डे! डोळा नको लावू!"

गुड्डीने दचकून मान वळवली आणि वेणी भिंगासमोर आली. त्याच क्षणी तिच्या वेणीच्या काळ्या रिबिनीतून धूर निघाला. रीताबाईंनी तिला ओढून छातीशी धरले.

मित्रांनो, आम्हाला जपा, असे सगळी जुनी यंत्रे सांगतात. मी सांगते, आमच्यापासून स्वतःला जपा. काम संपले की माझे तोंड जमिनीकडे वळवा, मगच जिना उतरा.

रिबिनीला मसुरीच्या दाण्याएवढे भोक पडले होते. डोळ्यातली बाहुली तेवढीच असते.